तीन तासांचं लग्न, ४.७ जीबीची डिस्क

कपाटाच्या वरच्या खणात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेटी पडून असतात. व्हीसीआर बंद पडलेला, दुरुस्त करणारा सापडत नाही, आणि बुरशी धरायच्या आत हे सगळं डिस्कवर घेऊन टाकू, असं दर दिवाळीच्या आवराआवरीत ठरतं. मग पहिला प्रश्न येतो: तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीवर बसेल का? बसते. सहा तासांचीही बसते. फक्त ती बसवताना कशावर पाणी सोडायचं हे आपण ठरवलं नाही तर सॉफ्टवेअर ठरवतं, आणि नवरी कोणती आणि मांडवाचा पडदा कोणता, हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

आधी आकडे बघू, कारण सगळा पेच आकड्यांतच आहे.

कोऱ्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं. कॉम्प्युटरमध्ये घातली की तीच डिस्क ४.३८ जीबी दाखवते आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. जागा दोन्हीकडे तीच, सुमारे ४७० कोटी बाइट.

आता चित्र किती जागा खातं ते पाहा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीत एका फ्रेममध्ये आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात आणि सेकंदाला २५ फ्रेम. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवायचे म्हटलं तर एका सेकंदाला तीन कोटी अकरा लाख बाइट लागतात. या हिशेबाने अख्खी डिस्क अडीच मिनिटांत भरेल. म्हणजे मंगलाष्टकाची दोन-तीन कडवी, की संपलं.

हे अडीच मिनिटांचं सामान तीन तासांपर्यंत ताणायचं काम एमपेग-२ नावाची पद्धत करते. ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पक्की झाली. १९९६च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी बाजारात आली ती हीच पद्धत घेऊन, आणि घरच्या डीव्हीडी प्लेअरला आजही हीच भाषा समजते. त्यामुळे फोनमधला व्हिडिओ कितीही आधुनिक पद्धतीने दाबलेला, म्हणजे कमी जागेत बसवलेला असला, तरी जुन्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी करायची तर तो एमपेग-२मध्ये उतरवावाच लागतो.

ती दाबते कशी?

पहिली काटछाट रंगाची. आपला डोळा उजेड-अंधाराचे बारकावे नीट टिपतो, रंगाच्या बारकाव्यांत मात्र कच्चा असतो. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवायची आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. निम्मा माल इथेच कमी होतो आणि शालूच्या काठाकडे निरखून पाहणाराही तक्रार करत नाही.

दुसरी काटछाट प्रत्येक फ्रेमच्या आत होते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनातले ६४ आकडे गणिताने उलटसुलट मांडून वेगळे ६४ आकडे काढतात: पहिला सांगतो चौकोन एकंदर किती उजळ आहे, पुढचे सांगतात त्यात हळूहळू होणारे बदल किती, आणि शेवटचे सांगतात अगदी बारीक नक्षी किती. हे गणित १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी प्रसिद्ध केलं. अहमद मूळचे बंगळुरूचे. फोनमधल्या जेपेग फोटोंच्या मुळाशीही हेच गणित आहे.

या मांडणीने स्वतः काहीच कमी होत नाही, पण पुढची वाट मोकळी होते. आता प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागायचं आणि उरलेला अपूर्णांक टाकून द्यायचा. बारीक नक्षीच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागतात, त्यामुळे ते बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांची लांब रांग साठवायला जवळपास काहीच लागत नाही. चित्रातला खरा तोटा इथे, या भागाकारात होतो. भाजक जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र ओबडधोबड. अति झालं की शेजारच्या चौकोनांचे सांधे जुळेनासे होतात आणि चेहऱ्यावर चौकटी दिसू लागतात. स्वस्तात दाबलेल्या डीव्हीडीवर भटजींच्या पांढऱ्या उपरण्यात ज्या फरशा दिसतात, त्या ह्या.

तिसरी काटछाट सगळ्यात मोठी. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत चित्रात बदलतं काय? कॅमेरा स्टँडवर असेल तर मांडव तोच, खुर्च्या त्याच, फक्त नवरदेवाने मान वळवली. मग पुन्हा सगळं साठवायचं कशाला? पूर्ण चित्र अर्ध्या सेकंदातून एखादंच ठेवतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त हिशेब: सोळा बाय सोळाचा हा तुकडा मागच्या चित्रातून उचल, तीन ठिपके उजवीकडे सरकव, आणि जो थोडा फरक राहील तो असा आहे. काही फ्रेम मागच्या चित्राचा आधार घेतात, काही मागच्या आणि पुढच्या दोन्हींचा. या दुसऱ्या प्रकारच्या सगळ्यात कमी जागेत मावतात.

अक्षता पडतात तेव्हा

या तिन्ही युक्त्या एका गृहीतावर उभ्या आहेत: चित्रात सलग भाग पुष्कळ आहेत आणि ते सावकाश, एकत्र हलतात. मराठी लग्नात हे गृहीत नेमकं कुठे कोसळतं ते सांगतो.

अंतरपाट धरलेला आहे. शेवटचं ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट दूर होतो आणि चारी बाजूंनी अक्षता येतात. एन्कोडरच्या, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने हा प्रलय असतो. प्रत्येक दाणा आठ बाय आठच्या चौकोनापेक्षा लहान, म्हणजे सगळी बारीक नक्षी, जी नेमकी भागाकारात उडवायची असते. प्रत्येक दाणा आपापल्या दिशेला जातो, त्यामुळे ‘मागचा तुकडा उचल आणि सरकव’ हा मंत्र चालत नाही, कारण एका तुकड्यात वीस दाणे वीस दिशांना असतात. त्यातच फोटोवाल्यांचे फ्लॅश. एक फ्रेम लख्ख पांढरी, पुढची पूर्ववत, म्हणजे मागच्या चित्राशी काही नातंच उरत नाही. वर लोक उभे राहतात, शूटिंगवाल्याला धक्का लागतो, कॅमेरा हलतो.

अशा दोन सेकंदांना एरवीच्या कितीतरी पट माहिती लागते. ती मिळाली नाही तर भाजक वाढतो आणि वधूवरांच्या चेहऱ्यांच्या चौकटी होतात. गंमत बघा: तीन तासांतला जो क्षण पाहायला सगळे बसलेले असतात तोच सगळ्यात महाग, आणि पंगतीचं पाऊण तासाचं चित्रण, जे पळवतच बघायचं असतं, ते तुलनेने स्वस्त. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल, वरातीच्या पुढचे लुकलुकते दिवे, समुद्रकिनाऱ्यावरचं पाणी, पावसाची झड, हे सगळे याच जातीचे.

आता तीन तासांचा हिशेब करू. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ४७० कोटी बाइट म्हणजे ३७६० कोटी बिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार केला की सेकंदाला साधारण ३४.८ लाख बिट येतात. यातून चार टक्के मेन्यू, फाइलींची बांधणी आणि थोडी मोकळी जागा यांसाठी बाजूला काढा. आवाजाचे दोन लाख वजा करा. चित्राला उरले सेकंदाला ३१ लाखांच्या आसपास, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत ३१०० केबीपीएस. एका फ्रेमला सव्वा लाख बिट. एका फ्रेममध्ये सोळा बाय सोळाचे १६२० तुकडे असतात, म्हणजे तुकड्याला सरासरी ७८ बिट. मूळ तुकडा, रंगाची काटछाट झाल्यावरही, ३०७२ बिटांचा असतो. चाळीसला एक, असं हे प्रमाण झालं.

तेच लग्न दोन तासांत आणलं तर चित्राला सेकंदाला ४८ लाख मिळतात. एका तासाला नियमानेच मर्यादा लागते: डीव्हीडीत चित्र जास्तीत जास्त ९८ लाख बिटांनी वाहू शकतं, आणि घरी राइट केलेल्या डिस्कवर मी ८० लाखांच्या वर जात नाही, कारण जुने प्लेअर अडखळतात.

माझा ठोकताळा असा: सेकंदाच्या हिशेबात ५० लाख बिटांच्या आसपास असाल तर निश्चिंत राहा, ३५ लाखांखाली गेलात तर काहीतरी सोडावं लागणार, आणि २५ लाखांखाली पूर्ण आकाराचं चित्र ठेवण्याचा हट्ट धरू नका. एका डिस्कवर सहा तास भरून देतो म्हणणारा दुकानदार खोटं बोलत नसतो, पण त्या डिस्कवर आजीचा चेहरा ओळखू येईल असंही त्याने म्हटलेलं नसतं.

बिट वाचतात कुठे

सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांशी खेळण्यापूर्वी कात्री हातात घ्या. लग्नाच्या कॅसेटमध्ये सुरुवातीला दहा मिनिटं नुसती रोषणाई, मध्ये पोलक्यांच्या आणि पाकिटांच्या देवाणघेवाणीची न संपणारी रांग, शेवटी कॅमेरा चालूच राहिल्याने टिपलेली जमीन. तीन तासांचे अडीच सहज होतात, आणि त्या अर्ध्या तासाने उरलेल्या प्रत्येक सेकंदाला जवळपास वीस टक्के जास्त बिट मिळतात. कुठल्याही सेटिंगने एवढा फायदा होत नाही. कापायचं नसेल तर सरळ दोन डिस्क करा: एकीवर हळद आणि सीमान्तपूजन, दुसरीवर लग्न. ८.५ जीबीची दोन थरांची डिस्कही मिळते, पण ती महाग असते आणि काही जुन्या प्लेअरना ती वाचता येत नाही.

मग आवाज. अनेक प्रोग्रॅम आवाज न दाबता, पीसीएम स्वरूपात ठेवतात. तो सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट खातो. तीन तासांत दोन जीबी! सनई-चौघड्याच्या ध्वनिमुद्रणाला अर्धी डिस्क, आणि तेही कॅमेऱ्याच्या इवल्याशा माइकवर घेतलेलं. तो डॉल्बीच्या एसी-३ स्वरूपात १९२ किंवा २२४ केबीपीएसला ठेवला तर पाव-तीन दशांश जीबीत काम होतं आणि कानाला फरक कळत नाही. कित्येकांची डीव्हीडी खराब दिसण्याचं कारण चित्राच्या सेटिंगमध्ये नसतंच, आवाजाच्या या एका खिडकीत असतं.

तिसरी गोष्ट, कॅसेटवरची मुंग्या-मुंग्यांची खरखर. आपल्याला ती सवयीने दिसत नाही. एन्कोडरला मात्र ती दर फ्रेमला बदलणारी बारीक नक्षी वाटते, आणि तो बिचारा इमानेइतबारे ती जपायला बिट घालवतो. दाबण्याआधी हलकासा खरखर कमी करणारा फिल्टर लावा, शक्यतो आजूबाजूच्या फ्रेम ताडून पाहणारा. हलकासाच. जास्त लावला तर माणसं मेणाची दिसतात. व्हीएचएसच्या, म्हणजे व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटच्या, चित्रात अगदी तळाशी काही ओळी फाटलेल्या, थरथरत असतात. जुन्या टीव्हीच्या काचेमागे त्या लपायच्या, नव्या टीव्हीवर ठळक दिसतात. खालच्या सोळा ओळी सरळ काळ्या करा. काळ्या भागाला बिट लागत नाहीत, आणि सोळाच कशाला, तर तुकड्याची हद्द नेमकी तिथे येते.

चौथी गोष्ट फार कमी लोक वापरतात. व्हीएचएसवर आडवा तपशील मुळात कमीच असतो, अडीचशे ओळींच्याही आत. त्याला ७२० ठिपक्यांची रुंदी देणं म्हणजे पाणी घातलेलं दूध मोठ्या भांड्यात ओतणं. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ हा आकारही बसतो आणि प्लेअर तो पडद्यावर आपोआप रुंद करून दाखवतो. तुकडे १६२० ऐवजी ७९२ होतात, आणि मघाचे तुकड्यामागचे ७८ बिट थेट १५९ होतात. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटला मी हाच आकार देईन. मिनी डीव्ही, म्हणजे हँडीकॅममधल्या लहान डिजिटल कॅसेटचं चित्र मात्र चांगलं असतं, तिथे हे करू नका.

आता सेटिंग. बिटरेट, म्हणजे सेकंदाला मिळणारे बिट, स्थिर ठेवला तर पंगतीला आणि अक्षतांना सारखंच मिळतं, जो शुद्ध अन्याय आहे. बदलता बिटरेट निवडा आणि सोबत ‘टू पास’. यात एन्कोडर सगळा व्हिडिओ आधी एकदा नुसता पाहून घेतो, कुठे किती लागेल याची नोंद करतो, आणि दुसऱ्या फेरीत एकूण हिशेब न बिघडवता वाटणी करतो. वेळ दुप्पट लागतो. लागू दे, रात्री लावून झोपा. सरासरी ३१००, कमाल ८०००, एवढे दोन आकडे तीन तासांच्या लग्नाला पुरतात.

कॅसेटचं चित्र एकाआड एक ओळींनी घेतलेलं असतं: आधी एका संचातल्या ओळी, मग दुसऱ्या. कॉम्प्युटरवर पाहताना हलत्या हाताच्या कडेला आडव्या रेघा दिसतात आणि त्या घालवण्याचा मोह होतो. डीव्हीडी टीव्हीवर पाहायची असेल तर हात लावू नका. डीव्हीडीला हा प्रकार चालतो, आणि रेघा घालवण्याच्या नादात हालचालीतला निम्मा गुळगुळीतपणा जातो. फक्त कोणता संच आधी, हे बरोबर नोंदवा. मिनी डीव्हीत खालचा संच आधी असतो, कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणारी बरीच कॅप्चर कार्डं वरचा आधी देतात. हे चुकलं तर वरातीतली घोडी दोन पावलं पुढे, एक मागे अशी चालते. पाच मिनिटांचा तुकडा करून टीव्हीवर बघितला की लगेच कळतं.

पुन्हा दाबू नये ते

दाबलेलं पुन्हा दाबलं की दर खेपेला भागाकाराचा नवा तोटा होतो. म्हणून कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आधी सढळ हाताने घ्या. मिनी डीव्ही फायरवायर नावाच्या केबलने घेतली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. व्हीएचएसलाही एवढी जागा द्यायला हरकत नाही. काटछाट, फिल्टर, सगळं त्या फाइलवर करून शेवटी एकदाच एमपेग-२. स्वस्त यूएसबी कांडीने थेट कमी बिटरेटच्या फाइलीत कॅप्चर करून तीच पुन्हा दाबणं, हा चित्र बिघडवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

ज्यांच्याकडे २००० सालच्या आगेमागे केलेल्या लग्नाच्या व्हीसीडी आहेत, त्यांना तर दाबायची गरजच नाही. व्हीसीडीतलं चित्र एमपेग-१चं, ३५२ बाय २८८, सेकंदाला साडेअकरा लाख बिट. एका सीडीत ७४ मिनिटं, म्हणून एका लग्नाच्या तीन-तीन सीड्या. डीव्हीडीच्या नियमांत हे चित्र जसंच्या तसं चालतं. आवाज तेवढा ४४.१ किलोहर्ट्झवरून ४८ वर न्यावा लागतो. तिन्ही सीड्यांमधल्या डॅट फाइली (व्हिडिओ त्यांतच असतो) घ्या, चित्राला न शिवता एका डीव्हीडीवर ठेवा, तरी अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी राहील. ती रिकामी बघून ‘मग क्वालिटी वाढवूया’ असं वाटतं. जी माहिती व्हीसीडीतच नाही ती मोठ्या बिटरेटने येत नाही. हार्ड डिस्कवाल्या जुन्या हँडीकॅमच्या फाइलीही बहुधा एमपेग-२च असतात; त्या मावत असतील तर तशाच बांधा.

फोनच्या व्हिडिओची अडचण वेगळी. तो सेकंदाला ३० फ्रेमच्या आसपास असतो, आणि बरेच फोन ती गती मध्येच बदलतात. तो पाल डीव्हीडीच्या २५ मध्ये कोंबला की हालचाल अडखळते. एनटीएससी या सेकंदाला ३०च्या जवळपास फ्रेम दाखवणाऱ्या टीव्ही-पद्धतीची, ७२० बाय ४८० ची डीव्हीडी करा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती मुकाट चालवतात. आधी फ्रेमची गती एकसारखी करून घ्या, नाहीतर अर्ध्या तासाने ओठ आणि आवाज यांची फारकत होते. उभ्या धरलेल्या फोनच्या चित्रणाला रुंद पडद्याचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग मिळतो. त्याला डीव्हीडीवर न्यायचंच का, याचा विचार करा. नुसतं जपून ठेवायचं असेल तर फाइल आहे तशी डेटा डिस्कवर किंवा २५ जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर कॉपी करा, दाबादाबीच नको.

शेवटचं काम राइट करण्याचं. फाइल डिस्कच्या काठोकाठ भरू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला येतो, आणि बोटांचे ठसे, ओरखडे आधी तिथेच बसतात. मधल्या वेगाने राइट करा, नंतर व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं बरोबर उतरलं का याची तपासणी, चालवा. वर कागदी लेबल चिकटवू नका. ते उष्णतेने वाकतं आणि डिस्क डगमगते. सीडीसाठीचं मऊ टोकाचं मार्कर पेन घेऊन आतल्या पारदर्शक कड्यावर तारीख आणि नावं लिहा. ज्यांना डिस्क द्यायची त्यांच्याच प्लेअरवर लावून पाहा, आणि पाहताना सुरुवात सोडून थेट शेवटची पाच मिनिटं लावा. राइट करण्यातली चूक निघाली तर बहुधा तिथेच निघते. आणि डिस्क नीट चालली म्हणून कॉम्प्युटरवरची ती मोठी कॅप्चर फाइल लगेच उडवू नका. राइट केलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उन्हाने आणि काळाने फिका पडतो. दुसरी प्रत काढायची वेळ आली की दाबलेल्या डिस्कपेक्षा ती फाइलच उपयोगी पडते.